हमिंगबर्डसाठी फीडर लावताय? आधी एक बारीक ब्रश आणा

इथे अमेरिकेत बॅकयार्ड मिळालं की हौसेने पहिल्यांदा येतो तो हमिंगबर्ड या इवल्याशा पक्ष्यासाठी साखरपाण्याचा लाल फीडर. चार दिवस फोटो, व्हिडिओ, आणि मग तो उन्हात तसाच लटकत राहतो, आतलं पाणी आंबतं, बुरशी धरते. मला याचं फार वाईट वाटतं कारण तो पक्षी जेमतेम 3 ग्रॅमचा आहे हो, आपण ठेवलेलं खराब पाणी पिऊन तो आजारी पडू शकतो. रोज लक्ष देणं जमणार नसेल तर सरळ सॅल्व्हिया, बी बाम, ट्रम्पेट हनीसकल अशी फुलझाडं लावा, ती जास्त चांगली.

पाणी करायचं म्हणजे 1 कप साधी पांढरी साखर आणि 4 कप पाणी, बस. पाक करायचा नाही, साखर विरघळली की झालं, पूर्ण गार करून मग भरा. मध पौष्टिक म्हणून घालू नका, त्यात बुरशी पटकन वाढते. गूळ, ब्राउन शुगर पण नको, त्यातलं लोह त्यांना बाधतं. आणि लाल रंग अजिबात नको, फीडरचा लाल भाग दिसला तरी पुरतो त्यांना.

उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी पाणी बदला, 90 फॅरेनहाइटच्या वर गेलं तर रोज, थंडीत चार-पाच दिवस चालतं. काठोकाठ भरू नका, अर्धा भरा म्हणजे ओतून देताना जीव तुटत नाही. नुसतं खळबळून परत भरायचं नाही, सगळे भाग सुटे करा, गरम पाणी आणि ब्रशने घासा. ती प्लास्टिकची फुलं असतात ना, त्यांच्या भोकात आतून बघा, काळे ठिपके दिसले की ती बुरशी, आणि पक्ष्याची जीभ नेमकी तिथूनच आत जाते! एक भाग व्हिनेगर दोन भाग पाणी असं करून तासभर भिजवा, घासा, भरपूर धुवा.

फीडर टांगायचा तर खिडकीपासून 3 फुटांच्या आत किंवा मग चांगला 30 फूट लांब, मधल्या अंतरावरून पक्षी जोरात येऊन काचेवर आपटतात. मांजर घरात ठेवा. फीडरवर प्रार्थनाकीटक (प्रेइंग मँटिस) बसलेला दिसला तर त्याला उचलून लांबच्या झुडपात सोडा, तो खरंच हमिंगबर्ड पकडून खातो. मुंग्यांसाठी वर पाण्याची वाटी अडकवा, तेल किंवा ग्रीस लावू नका, पिसांना लागलं तर निघत नाही. बागेत कीटकनाशक पण मारू नका, कारण बारीक किडे आणि कोळी हेच त्यांचं प्रोटीन, घरटं सुद्धा ते कोळ्याच्या जाळ्याने बांधतात. एक नर सगळ्यांना हुसकावत असेल तर दुसरा फीडर घराच्या पलीकडच्या बाजूला लावा, त्याला दिसणार नाही असा.

गॅरेजच्या दाराची ती दोरीला लटकणारी लाल मूठ बघितलीय ना? फूल समजून ते आत येतात आणि मग वरवर छताशीच फिरत राहतात, दमून जातात. मुठीवर काळी टेप गुंडाळा, आत अडकलाच तर लाइट बंद, दार पूर्ण उघडं, आणि दारात फीडर ठेवा.

फीडर ठेवला तर ते स्थलांतर करत नाहीत असं बरेच जण सांगतात, तसं काही नाही, दिवस लहान व्हायला लागला की ते निघतात. रुबी-थ्रोटेड जातीचा हमिंगबर्ड तर मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडू शकतो, त्यामुळे फीडर उलट उशिरापर्यंत ठेवा, शेवटचा पक्षी दिसल्यावर अजून दोन आठवडे.

वेस्ट कोस्टला अ‍ॅनाज हमिंगबर्ड हिवाळ्यातही असतो. कडक थंडीच्या सकाळी तो फांदीला किंवा फीडरलाच उलटा लटकलेला, मेल्यासारखा दिसला तर घाबरू नका, हात लावू नका, ऊर्जा वाचवायला रात्री ते असे निपचित होतात आणि हळूहळू आपोआप जागे होतात. तुम्ही तेवढं गोठलेलं पाणी बदलून ठेवा, कारण उठल्या उठल्या त्याला आधी तेच लागणार आहे.