नवीन आशाताईंनो, मोबदल्याची डायरी पहिल्या दिवसापासून ठेवा

नवीन लागलेल्या ताया पहिलं विचारतात पगार किती, तर पगार नाहीच ओ, मोबदला आहे. राज्याने २०२३ च्या संपानंतर महिन्याला ५००० वाढवले, नोव्हेंबर २०२३ पासून धरून, ते ठरलेले (खात्यात कधी पडतात ते विचारू नका), पण बाळाच्या भेटी, लसीकरण, टीबीचे पेशंट हे सगळं क्लेमवर, म्हणजे जेवढं कागदावर तेवढंच हातात.

आधी ट्रेनिंग. मॉड्युल ६-७ अजिबात चुकवू नका, २० दिवसांचं असतं, पाच-पाच दिवसांचे चार टप्पे, घरचे कुरकुर करतात तरी जा. नवजात बाळ बघायचं तिथेच शिकवतात, आणि ही पद्धत मूळची आपल्या गडचिरोलीची, बंग डॉक्टरांच्या सर्च संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून उभी केलेली. वजन करताना आधी रिकाम्या झोळीसकट काटा शून्यावर आणायचा, मग बाळ ठेवायचं, नाहीतर झोळीचं वजनही बाळाच्या नावावर जातं. श्वास मोजताना बाळ शांत हवं, पोटाकडे बघत घड्याळावर पूर्ण एक मिनिट, अर्धा मोजून दुप्पट करायचं नाही. ६० किंवा जास्त आले तर परत मोजा, तेवढेच आले तर लगेच दवाखान्यात.

आता पैसे. एचबीएनसीचे, म्हणजे घरी जाऊन नवजात बाळ बघायच्या भेटींचे, २५० मिळतात, दवाखान्यातल्या बाळंतपणाला ३, ७, १४, २१, २८, ४२ व्या दिवशी सहा भेटी. सिझेरियनवाली बाई सहाव्या दिवशी घरी आली तर तिसऱ्या दिवसाची भेट कुठून होणार, म्हणून ७ ते ४२ च्या पाच भेटी केल्या तरी पूर्ण २५० बसतात, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं आणि क्लेमच टाकत नाहीत! माता-बाल कार्डावर जन्माचं वजन, बाळाची जन्मनोंद आणि सुरुवातीच्या लसी मात्र बघून घ्या, त्याशिवाय फॉर्म अडकतो.

पहिलटकरीण माहेरी जाते तिथे खरी गडबड. जेएसवायचे, म्हणजे जननी सुरक्षा योजनेचे, आशाला मिळणारे ६०० (आपल्याकडे बीपीएल, एससी, एसटी बाईसाठीच) दोन भागांत असतात, ३०० गरोदरपणातल्या तपासण्यांचे, ३०० दवाखान्यात बाळंतपण करवल्याचे. मग सासरची आशा म्हणते माझे, माहेरची म्हणते माझे. बाई जायच्या आधीच तिकडच्या ताईला फोन करा, कोण काय टाकणार ते ठरवा, आणि कार्डावरच्या तपासणीच्या नोंदींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कार्ड तर बाईबरोबर जाणार.

डायरीत रोज संध्याकाळी तारीख, बाईचं नाव, काम, रक्कम. माझे एकदा चार फॉर्म परत आले, एका तारखेवर खाडाखोड होती म्हणून, तो महिना तसाच गेला. तेव्हापासून सिस्टर (उपकेंद्राची नर्स) आणि गटप्रवर्तक (आपल्या कामावर देखरेख करणाऱ्या) ताईंची सही घेतल्यावर झेरॉक्स काढते, जमा केलेली तारीख वर लिहिते, आणि पैसे आले की पासबुक शेजारी ठेवून एकेक ओळ टिक करते. जी ओळ राहिली ती पुढच्या मीटिंगला सगळ्यांसमोर विचारायची.