आखातात जाताना: दाखला, शुक्रवारची मिस्सा आणि 'तुम्ही हिंदू ना?'

दुबईला किंवा दोह्याला नोकरीसाठी निघालेल्या मराठी ख्रिस्ती माणसाचं पहिलं काम गावच्या चर्चमध्येच असतं. लहानपणचा लॅमिनेट केलेला बाप्तिस्म्याचा दाखला आखातात लग्न करायचं झालं तर उपयोगी पडत नाही, म्हणून नवा काढून घ्यायचा. कॅथलिक चर्च साधारणपणे सहा महिन्यांच्या आत काढलेला दाखला मागतं. लग्न झालं की बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात समासात नोंद होते. जुन्या कागदावर ती कशी दिसणार? प्रॉटेस्टंट असाल तर पाळकांकडून सभासदत्वाचं पत्र घ्या.

दोह्यात सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते आणि रविवारी ऑफिस. त्यामुळे गर्दीची उपासना शुक्रवारची. कॅथलिक मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, त्या दिवशी रविवारचीच वाचनं असतात, तेव्हा 'रविवार बुडवला' असं घरच्यांना वाटू देऊ नका. तिथली चर्च मेसाइमीर भागात एकाच आवारात आहेत. बाहेरून क्रूस दिसत नाही. फाटकावर तपासणी होते, म्हणून अर्धा तास आधी पोचा आणि मोठी बॅग घरीच ठेवा. दुबईत औद मेथाला सेंट मेरीज आहे, शेजारी अँग्लिकन होली ट्रिनिटी. अमिरातीत जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवारी आली, तरी अनेकांची सुट्टी वेगळ्या वारी असते. वेळापत्रक आधी बघा.

आता गैरसमज. आडनाव शिंदे, साळवे किंवा गायकवाड असलं की समोरचा तुम्हाला हिंदू धरतो आणि खरं कळलं की विचारतो, "धर्म कधी बदललात?" चिडू नका, लांबण लावू नका. "आमच्याकडे नाव-आडनाव मराठीच राहतं" एवढं पुरतं. वसईकर असाल तर सोळाव्या शतकापासूनचं सांगा. नगरकडचे असाल तर तिथे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं हे सांगा. दुसरा समज म्हणजे ख्रिस्ती माणूस दारू पिणार, डुकराचं मांस खाणारच. जे खात-पीत नाही ते सरळ सांगावं. खात असाल तर डबा ऑफिसच्या सामाईक मायक्रोवेव्हमध्ये नेऊ नका.

उपासाबद्दल हमखास विचारणा होते. भस्म बुधवारी (ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी) आणि गुड फ्रायडेला कॅथलिकांचं एकच पोटभर जेवण, वर दोन हलकी खाणी, मांस नाही. उपासाचं वय १८ ते ५९. पाणी चालतं म्हटल्यावर रोजे ठेवणारा सहकारी हसेल. त्याला हसू द्या, उपासांची स्पर्धा लावू नका. रमजानात मात्र दिवसा उघड्यावर काही खाऊ-पिऊ नका. कतारमध्ये तो गुन्हा आहे.

सगळ्यात महाग पडते ती हौस. स्वतःचं बायबल जवळ ठेवायला हरकत नाही, पण मुस्लिम सहकाऱ्याला पुस्तिका देणं, त्याचं मन वळवणं कायद्याविरुद्ध आहे. फ्लॅटमध्ये पंचवीस जण जमवून पेटी-तबल्यावर भजनं गाणंही टाळा. परवानगीशिवाय प्रार्थनास्थळ चालवल्याचा ठपका येऊ शकतो, आणि शेजाऱ्याची तक्रार तर आवाजावरूनच होते. चर्चच्या आवारातला हॉल मागून घ्या. नाताळच्या महिन्यात तो मिळणं कठीण, म्हणून अर्ज लवकर द्या.

लेबनॉनचा मॅरोनाइट किंवा इजिप्तचा कॉप्ट प्रार्थनेत 'अल्ला' म्हणाला तर दचकू नका. अरबी ख्रिस्ती देवाला तेच म्हणतात. आणि कॉप्टाला नाताळच्या शुभेच्छा ७ जानेवारीला द्या.