‘ही बाई कुठली?’ : मालिकांसाठी लिहू पाहणाऱ्यांना

मालिकांचे संवाद लिहायला लागून मला नऊ वर्षं झाली. नव्याने येणारी मुलं विचारतात की पैसे कधी मिळतात, नाव पाटीवर येतं का. हे विचारावंच. अंधेरीतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्वही आधी घ्या. पण पहिल्या महिन्यात सगळे जिथे आपटतात, त्याबद्दल कुणी विचारत नाही. तो खड्डा म्हणजे मोलकरीण, वॉचमन, शेजारचे गुजराती काका आणि गावाहून आलेला मामा यांची वाक्यं.

कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे, अशी वाटणी असते. चॅनेलने वनलाइन, म्हणजे एपिसोडचा थोडक्यात आराखडा, पास केली की संवादवाल्याच्या हातात बहुतेक वेळा एक रात्र उरते. सकाळच्या शिफ्टला सीन सेटवर हवा. रात्री दोन वाजता नायिकेचं वाक्य आपण तीनदा खोडतो आणि कामवालीचं एका दमात लिहून टाकतो. एका दमात सुचतं, कारण ते आपण ऐकलेलं नसतंच. आधीच्या मालिकांतून कानात साचलेलं तेच बाहेर येतं. लोकांना वाटतं लेखकांच्या मनात आकस असतो. मी तरी असली पात्रं बहुतेक वेळा झोपेतूनच जन्मलेली पाहिली आहेत.

माझ्या पहिल्या मालिकेत डोंबिवलीतल्या एका कुटुंबाकडे शांताबाई कामाला होत्या. कॅरॅक्टर शीटवर त्यांच्यासाठी जेमतेम एक ओळ होती : ‘वय ४५, भोचक, विनोदी.’ मी लिहिलं, “ताईसाहेब, म्या बाजारला जाते, आमास्नी काहून इचारता?” कोल्हापूरकडच्या एक अनुभवी अभिनेत्री ती भूमिका करत होत्या. मेकअपच्या खुर्चीत बसूनच त्यांनी मला बोलावून घेतलं.

“दादा, ही बाई कुठली म्हणायची? ‘आमास्नी’ म्हणती, मधीच ‘काहून’ म्हणती. ‘काहून’ तिकडं नागपूरकडं. आनि ‘जाते’ काय? आमच्यात बाया ‘जातो’ म्हणतात.”

मला उत्तर देता येईना. मी लिहिलेली भाषा महाराष्ट्रातल्या एकाही तालुक्यात कुणी बोलत नाही. तिला मी तेव्हापासून ‘टीव्हीची गावठी’ म्हणतो.

त्या रात्री शांताबाईंना गाव दिलं, भुदरगड तालुक्यातलं. वडील लालबागच्या गिरणीत होते, १९८२च्या संपानंतर बिऱ्हाड गावी परतलं, लग्नानंतर बाई पुन्हा मुंबईकडे आल्या. एवढं ठरवताच गंमत झाली. बाईंचं लहानपण लालबागचं आणि आमची नायिका नाशिकहून नुकतीच आलेली. म्हणजे लोकलचा डबा कुठे थांबतो, कुठला बाजार स्वस्त, हे सांगणार शांताबाई आणि चुकणार नायिका. विनोद आपोआप उलट्या दिशेने वाहायला लागला.

आणखी एक सवय लावून घ्या : कान उघडे ठेवून ऐकायचं. आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या एक ताई गॅस एजन्सीशी फोनवर अगदी छापील मराठी बोलतात, तिसऱ्या मजल्यावर हिंदी आणि बहिणीशी मराठवाडी. एका सकाळी तीन भाषा. आपण मात्र पात्राला एकच सूर देतो आणि वर्षभर तोच पिळतो.

बोली असली की पात्र हलकंच, असंही नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ साली आली, तेव्हा नागपुरी वळणाचं मराठी बोलणारी राधिका नायिकाच होती. तरी आजही घरचा कर्ता पुरुष प्रमाण मराठीत बोलतो आणि बोली स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असते. कोण काय बोलतो यापेक्षा कुणाच्या वाट्याला कुठली भाषा वाटली गेली, ते एका एपिसोडपुरतं मोजून पाहा. मी मोजलं होतं, आणि माझाच एपिसोड होता.

स्किटचं गणित वेगळं. सात-आठ मिनिटांत माणूस उभा करायला वेळ नसतो, म्हणून चिक्कू पुणेकर किंवा तिरसट कोकणी लागतो. त्याला माझी हरकत नाही. तमाशातला सोंगाड्या आणि गवळणीतली मावशी हेही ठरलेलेच साचे, पण सोंगाड्याची टोपी उडवायची दिशा वर, राजाकडे असते. साडी नेसलेला पुरुष, जाड बाई, काळा रंग यांवरचे हशे मात्र खालीच पडतात. आणि हो, ते सोपे असतात म्हणूनच मिळतात.

एखादं वाक्य बाहेर गेल्यावर काय होतं, ते ‘तारक मेहता’वाल्यांनी २०२० मध्ये पाहिलं. ‘मुंबईची भाषा हिंदी’ अशा अर्थाच्या एका संवादावर मनसेने आक्षेप घेतला आणि निर्मात्यांना माफी मागावी लागली.

गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की चॅनेलकडून फोन येतो : “बाईंना थोडं अजून गावठी करा ना.” तिथे तत्त्वाचं भाषण द्यायला जाऊ नका, कुणाला वेळ नसतो. त्याच सीनसाठी दुसरं, जास्त हसवणारं वाक्य खिशात ठेवा. माझी पाचातली दोन-तीन वाक्यं पास होतात. उरलेली जशी हवीत तशी मीच लिहून देतो. घराचा हप्ता आहे.

त्या अभिनेत्री आता दुसऱ्या मालिकेत आहेत, ती मी लिहीत नाही. तरी महिन्यातून एकदा फोन येतो. “दादा, हितं परत ‘जाते’ लिवलंय. काय करू?”

मी म्हणतो, “‘जातो’ म्हणा आणि टेक संपेपर्यंत कुणाकडे बघू नका.”