'पब्लिश झालं' म्हणजे मिळालं नाही: अंबडमधल्या एका पट्ट्याची आणि पेटंटची गोष्ट

दर उन्हाळ्यात कॉलेजमधल्या कोणा ना कोणाचा फोन येतोच. "दादा, आपलं पेटंट झालं!" मी विचारतो, मिळालं की पब्लिश झालं? पलीकडे जरा शांतता. मग, "पब्लिश झालंय. सरांनी गेटवर बॅनरपण लावलाय."

अर्ज केला की १८ महिन्यांनी तो आपोआप प्रसिद्ध होतो. तोवर कोणी तो तपासलेला नसतो. फॉर्म ९ भरला, वैयक्तिक अर्जदार म्हणून अडीच हजार रुपये भरले, की १८ महिने थांबायचीही गरज नाही. गेटवरचे बरेचसे बॅनर या फॉर्म ९ च्या कृपेने लागतात. खरी तपासणी हवी असेल तर फॉर्म १८ भरून ती वेगळी मागावी लागते. २०२४ च्या नियमबदलानंतरच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे, आधी ४८ होती. मागणीच केली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. बॅनर तेवढा राहतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, स्वतः आपटलोय म्हणून सांगतो.

२०१५ च्या सिंहस्थाच्या वर्षी आम्ही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. नाशकात तेव्हा वारंच वेगळं होतं. मूळचे नाशिकचे, एमआयटी मीडिया लॅबमधले प्राध्यापक रमेश रासकर यांनी सुरू केलेल्या कुंभथॉनमध्ये शाळकरी पोरांपासून सगळे गर्दीवर उपाय शोधत होते. पावलं मोजून गर्दी सांगणारी चटई त्यातच तयार झाली. आम्ही तिघांनी हरवलेल्या माणसांसाठी मनगटाचा पट्टा केला. रामकुंडावर मोबाइलचं नेटवर्क तुंबलं तरी हरवलेल्याची माहिती एका पट्ट्याकडून जवळच्या दुसऱ्या पट्ट्याकडे सरकत जाईल, अशी कल्पना. कल्पना टॉरेंटवरून सुचली होती, हे आईवडिलांना सांगितलं नाही. टॉरेंट म्हणजे हॉस्टेलवर सिनेमे उतरवायचं साधन, एवढीच त्याची अब्रू होती.

पट्टा स्पर्धेत मांडला, बक्षीस मिळालं, आणि त्याच रात्री आम्ही सगळं कसं चालतं ते उघडून दाखवणारा सहा मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. सर्किटसकट. दोन वर्षांनी पेटंटसाठी एका एजंटकडे गेलो. त्याने आमचा विषय टाइप केला, पहिलाच व्हिडिओ उघडला आणि विचारलं, "हे कोण?" आम्हीच. आमच्या शोधाच्या आड आमचाच व्हिडिओ आला होता. एकदा गोष्ट चारचौघांत आली की ती नवी राहत नाही. कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेतला निबंध अशा ठरावीक प्रसंगांपुरती. आमचा व्हिडिओ त्यात कुठेच बसत नव्हता. तेव्हा आधी अर्ज, मग व्हिडिओ. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज ऑनलाइन भरायला वैयक्तिक अर्जदाराला १,६०० रुपये लागतात आणि पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन द्यायला १२ महिने मिळतात. प्रोजेक्टच्या अहवालाची, म्हणजे ब्लॅकबुकची छपाई आणि सोनेरी बाइंडिंग यावर आम्ही याहून जास्त उडवले होते.

नोकरी लागली ती नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत. काम म्हणजे कारखान्यातल्या कामगाराच्या अंगावर बसणारं, उष्णतेचा त्रास होतोय का ते सांगणारं उपकरण. आत हिरवा एलईडी. तो त्वचेवर प्रकाश टाकतो, रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश किंचित कमी-जास्त होतो. मनगटावरची बरीच घड्याळं याच तत्त्वावर ठोके मोजतात. शेजारी हालचाल मोजणारा ॲक्सिलरोमीटर. टेबलावर सगळं झकास चाललं.

मग प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनांच्या विभागात नेलं आणि सेफ्टीवाल्याने दारातच अडवलं. मशीनवर घड्याळ, अंगठी, कडं काही चालत नाही, हात अडकतो. ही गोष्ट तिथल्या कुठल्याही हेल्परला माहीत होती. सहा महिने मनगटाचं डिझाइन करणाऱ्या आम्हा इंजिनिअरांना नव्हती. पट्टा दंडावर गेला.

पुढची अडचण फाइलची. हिशेब बघा. हालचालीचे तीन अक्ष, प्रत्येकी २ बाइट, सेकंदाला ५० वेळा, म्हणजे ३०० बाइट. ठोक्यांचे आणखी १००. सेकंदाला ४०० बाइट धरले तर आठ तासांच्या शिफ्टची फाइल साधारण साडेअकरा एमबीची. फोनवरच्या एका बऱ्या व्हिडिओहूनही लहान. पण आमच्या चिपमधलं कमी विजेचं ब्लूटूथ जुन्या पिढीचं, एका पुडीत, म्हणजे पॅकेटमध्ये कामाचे २० बाइट नेणारं. म्हणजे एका माणसाच्या एका शिफ्टला ५ लाख ७६ हजार पुड्या. शिफ्ट सुटली की साठ पट्टे एकाच वेळी गेटपाशी, माणसं कंपनीच्या बसकडे पळताहेत, आणि ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी तर पाणी भरलेल्या माणसाच्या शरीरातच अडतात. हात पाठीमागे गेला की जोडणी तुटली. तुटली की फाइल पुन्हा पहिल्यापासून.

इथे ते टॉरेंट कामाला आलं. एकमेकांच्या संगणकावरून गाणी उतरवून देणाऱ्या १९९९ च्या नॅपस्टरमध्ये कोणाकडे काय आहे याची यादी मधल्या सर्व्हरवर असे, त्यामुळे २००१ मध्ये कोर्टाच्या आदेशापायी तो बंद करावा लागला आणि सगळा कारभार थांबला. त्याच वर्षी ब्रॅम कोहेनने बिटटॉरेंट आणलं. फाइलचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा ठसा, म्हणजे त्यातल्या माहितीवरून काढलेला आकडा आधीच नोंदवायचा, आलेला तुकडा ठशाशी ताडायचा आणि नसलेलेच मागायचे. आम्ही तेच केलं. जोडणी तुटली तरी आलेलं वाया जाईना. साहेब खूश, आता पेटंट टाका म्हणाले. पण जे २००१ पासून जगभर चालू आहे ते आमच्या नावावर कसं होणार?

उत्तर एका फिटरकाकांकडून आलं. ते म्हणाले, "गेटवर कशाला गर्दी करता? जेवायला बसलो की हात अर्धा तास टेबलावरच असतो." एवढंच. हात स्थिर असला की जोडणी टिकते, आणि ठोक्यांची नोंदही तेव्हाचीच सर्वांत भरवशाची असते. मग हालचालीच्या त्याच आकड्यावरून दोन गोष्टी ठरवल्या. रेडिओ कधी चालू करायचा, आणि कोणता तुकडा आधी पाठवायचा. हात जोरात हलत असतानाचे तुकडे रांगेत मागे. बॅटरीही जास्त पुरायला लागली.

मग असं आधी कोणी केलंय का, याची शोधाशोध. नवख्यांनी हे काम आधी करावं, आम्ही नंतर केलं. गूगल पेटंट्स, एस्पेसनेट आणि भारतीय अर्जांसाठी इनपास, तिन्ही फुकट आहेत. नुसते शब्द टाकून फार हाती लागत नाही, कारण पेटंटवाले पट्ट्याला पट्टा म्हणत नाहीत, 'शरीरावर धारण करण्यायोग्य साधन' म्हणतात. वर्गीकरणाचे क्रमांक वापरा. ठोके मोजण्यासाठी ए६१बी ५/०२४, अंगावरच्या संगणकासाठी जी०६एफ १/१६३, फाइल पाठवण्याच्या पद्धतींसाठी एच०४एल ६७/०६. आणि वाचायला पहिल्या पानापासून बसू नका. थेट शेवटी क्लेमवर जा. बाकीची पानं वर्णन आहेत, मालकी क्लेममधल्या वाक्यांवर ठरते. पहिला क्लेम पन्नास वेळा वाचा, प्रत्येक शब्दाने काय आत घेतलं आणि काय बाहेर ठेवलं ते वहीत लिहा. मी पेटंट असंच शिकलो.

तपासणीचा अहवाल आला तेव्हा मला घाम फुटला. तीन जुने दस्तऐवज समोर ठेवले होते आणि वर कलम ३ (के): गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदम यांना पेटंट नाही. उत्तराला सहा महिने असतात. एजंटबाई शांतपणे म्हणाल्या, हे असंच येतं. त्यांनी क्लेम अरुंद केला आणि सॉफ्टवेअरची भाषा काढून सेन्सर, रेडिओ, बॅटरी यांना त्यात बांधलं. ॲपवाल्यांनो, हे लक्षात ठेवा. 'माझ्या ॲपचं पेटंट' म्हणून जाल तर इथेच अडकाल. उपकरणात नेमकं काय सुधारतं, ते मोजून दाखवा. आमच्याकडे बॅटरीचे आकडे तारखेसकट होते, म्हणून निभावलं.

एवढा खटाटोप कंपन्या का करतात? २०२३ च्या शेवटी मासिमो कंपनीच्या पेटंटांपायी ॲपलच्या दोन नव्या घड्याळांच्या आयातीवर अमेरिकेत बंदी आली, आणि जानेवारी २०२४ मध्ये रक्तातला ऑक्सिजन मोजायची सोय काढून ती विकावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीला.

पेटंटवर नाव तुमचं, पण मालकी बहुधा कंपनीची. नेमणूकपत्रातच ते लिहिलेलं असतं, सही करताना वाचा. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे यूएसबी घडवणाऱ्यांपैकी एक. पेटंटं इंटेलची, आणि इंटेलने तंत्र सगळ्यांना फुकट वापरू दिलं. म्हणून पेटंटाच्या पैशावर घराचा हप्ता मांडू नका. मुलाखतीत मात्र ते उपयोगी पडतं, कारण समोरचा हमखास विचारतो, "यात तुमचं नेमकं काय?" तिथे ज्याचं नाव नुसतं चिकटवलेलं असतं तो दोन मिनिटांत उघडा पडतो. हल्ली पैसे भरून डिझाइन नोंदणीत आठवं-नववं नाव घालून मिळतं. डिझाइन म्हणजे फक्त बाह्य रूप, ते पेटंट नव्हे. तुमच्या हातात दहा हजार असतील तर चांगला मल्टिमीटर घ्या.

आणखी एक. घरबसल्या परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांनी कलम ३९ बघून ठेवावं. इथे राहून केलेला शोध परवानगीशिवाय थेट बाहेर नोंदवता येत नाही. परवानगी नसेल तर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं.

सोल्डरिंगचा कंटाळा आणि वाचायची आवड असेल तर पेटंट एजंटची परीक्षा आहे. विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी हवी, वय २१ पूर्ण हवं, वकिलीची अट नाही. पुण्या-मुंबईत पेटंट शोधून अहवाल लिहिण्याच्या नोकऱ्याही आहेत. मला ते जमलं नसतं. मला पट्टा उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

फॉर्म १, म्हणजे पेटंटचा मूळ अर्ज भरताना एजंटबाईंनी विचारलं होतं, "जेवणाच्या सुट्टीची कल्पना नक्की कोणाची?" मी फिटरकाकांचं नाव घेतलं. साहेबांच्या कपाळावर आठी आली, पण बाईंनी ठामपणे सांगितलं की शोधकाचं नाव गाळलं तर पुढे तेच अंगाशी येईल. काकांना ऑफिसात बोलावलं. त्यांनी हात पुसले, कागद दोनदा उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "मराठीत सही चालेल ना?" चालते म्हटल्यावर सावकाश पूर्ण नाव लिहिलं. चार वर्षांनी पेटंट मिळालं तेव्हा प्रत घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. तिसऱ्या क्रमांकावर त्यांचं नाव. त्यांनी ते बोट ठेवून वाचलं, प्रत घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "ते सगळं ठीक. पण पट्ट्याला घामाचा वास मारतो, तो धुता येईल असं कधी करताय?"