स्पीतीत फोटो काढताना या चुका टाळा

हिमाचलच्या स्पीती खोऱ्यातल्या लांगझा गावात संध्याकाळची वेळ. बुद्धमूर्तीमागे चाऊ चाऊ कांग निल्डा हे ६,३०३ मीटरचं शिखर नुकतं सोनेरी व्हायला लागलं होतं, आणि माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी ४० टक्क्यांवरून थेट बंद! मी वैतागून दुसरी घातली. पहिली रात्री खिशात गरम झाल्यावर पुन्हा चालू झाली. म्हणजे ती संपली नव्हती, गारठली होती. तेव्हापासून जास्तीच्या बॅटऱ्या बॅगेत नाही, स्वेटरच्या आतल्या खिशात.

त्याच रात्री दुसरी चूक केली. कुडकुडत होमस्टेच्या स्वयंपाकघरात शिरलो. तंदूर (इथली खोली गरम ठेवणारी लोखंडी शेगडी) पेटलेला, त्यावर चहाचं पाणी उकळत होतं. गळ्यातला गार कॅमेरा दोन मिनिटांत दवानं भरला. काच पुसून उपयोग नाही, बाष्प आतही धरतं. बाहेर असतानाच कॅमेरा झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत बंद करायचा आणि खोलीत आल्यावर तासभर तसाच ठेवायचा. कार्ड आधीच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडली जाते. (माझी उघडली गेली आहे.)

बर्फ राखाडी का येतं, हा नेहमीचा प्रश्न. कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतं. म्हणून बर्फाला एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे प्रकाश दुप्पट. पण भर दुपारी काझाजवळच्या ‘की’ नावाच्या मठाच्या चुन्यानं रंगवलेल्या भिंतींवर हाच नियम लावलात तर पांढरा भाग जळेल. तिथे हिस्टोग्राम (कॅमेरा दाखवतो तो उजेड-अंधाराचा आलेख) बघूनच ठरवा. आकाश गडद करणारा पोलरायझर फिल्टर तर वाइड लेन्सवर लावूच नका. विरळ हवेत आकाश मुळातच गडद निळं असतं, त्यात काळपट पट्टा पडतो आणि तो नंतर नीट निघत नाही.

ताबोचा मठ इ.स. ९९६चा. मातीच्या भिंती, आत शतकानुशतकांची भित्तिचित्रं. आत फोटोला मनाई आहे आणि ‘फ्लॅश नाही मारत हो’ ही सबब चालत नाही. कॅमेरा बाहेर ठेवा, अंधाराला डोळे सरावू द्या. मग भिंतीवरचे रंग हळूहळू दिसू लागतात. मणी भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची) किंवा स्तूप उजव्या हाताला ठेवून चालायचं, अँगलसाठी त्यावर चढायचं नाही. म्हाताऱ्या आजींसमोर कॅमेरा उचलण्याआधी ‘जुले’ (इथला नमस्कार) म्हणा. मान हलली नाही तर फोटो नाही.

मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून थेट काझाला येणाऱ्यांचं डोकं एकदम उंचीवर आल्यानं पहिल्या रात्री बहुधा ठणकतं. त्या रात्री आकाशगंगेचा नाद सोडा. किन्नौरमार्गे आलात तर चढ हळूहळू मिळतो.

आणि चंद्रताल तलावाकडच्या धुरळ्यात लेन्स बदलायचीच असेल, तर गाडीत बसून, काचा वर करून.