चारने गुणायच्या आधी: पुस्तकातून पोकर शिकणाऱ्यांसाठी

सुरुवातीच्या हातांचा १६९ खान्यांचा तक्ता पाठ झाला, फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) मोठा की स्ट्रेट (ओळीने पाच) हे कळलं, ब्लाइंड (पानं वाटण्याआधीची सक्तीची पैज) कुणी लावायचे आणि बटण (वाटणाऱ्याची खूण) कसं फिरतं तेही समजलं, तरी डावाला बसलं की पुढ्यातल्या बिया संपतात. ज्यांचं असं होतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. नियम इथे सांगत नाही, ते कुठल्याही पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात मिळतील.

बिया म्हणजे काजूच्या बिया. कुडाळला आमच्या पडवीत पावसाळ्यात डाव बसतो तेव्हा चिप्सच्या जागी त्याच असतात, आणि खेळ संपला की सगळ्या परत एकाच डब्यात जातात. पैसे लावून शिकायचा विचार असेल तर तो आताच सोडा. आपल्याकडे १८८७ चा जुगारबंदीचा कायदा अजून लागू आहे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तर पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंदच केले, मग तो खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. बांदा सोडून पत्रादेवी ओलांडली की पुढे गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी आहेत हे मला सांगू नका. तिथून आलेला माणूस जिंकलेली रात्र सांगतो, बाकीच्या रात्री तो कुणाला सांगत नाही. शिवाय तिथे पॉटमधून, म्हणजे मध्ये जमलेल्या पैजेतून, जागेचा वाटा कापला जातो, म्हणजे टेबलावरच्या सगळ्यांच्या मिळून चिप्स तासातासाला कमीच होतात. शिकणाऱ्याचं तिथे काही काम नाही.

आता पुस्तकांकडे. पुस्तक हातात आलं की आधी ते कुठल्या सालचं आहे ते बघा. आमच्याकडे बहुतेक पुस्तकं गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीतून येतात, मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेली, जुनी. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाच्या हौशी खेळाडूने पोकरची जागतिक स्पर्धा जिंकली आणि तेव्हापासून जगभर नो-लिमिट होल्डेमची (हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, पैजेला मर्यादा नाही) लाट आली. त्याच्या आधीची कितीतरी पुस्तकं लिमिट होल्डेमची आहेत, म्हणजे पैजेची रक्कम आधीच ठरलेली. तिथे पॉटमध्ये १०० असले तरी समोरचा फार तर १० लावू शकतो. १० भरून १२० चा पॉट मिळवायचा, म्हणजे नऊ टक्क्यांहूनही कमी संधी पुरते. साहजिकच ते पुस्तक म्हणतं, चार बदाम जमले की पाचव्यासाठी थांबा. त्याच्या खेळात ते बरोबरच आहे. नो-लिमिटमध्ये समोरचा १० ऐवजी ७५ लावतो आणि तोच सल्ला तुम्हाला रिकामं करतो.

इथून त्या सापळ्याकडे येते, ज्यात मी पुष्कळ दिवस अडकले होते. सावकाश वाचा, घाई करू नका.

बऱ्याच पुस्तकांत दोन आणि चारचा नियम असतो. उपयोगी पानं, म्हणजे आउट्स, मोजायची. फ्लॉपवर (टेबलावरची पहिली तीन पानं उघडल्यावर) असाल तर चारने गुणायचं, टर्नवर (चौथं उघडल्यावर) असाल तर दोनने. येईल ती तुमची टक्केवारी. नियम खोटा नाही. नऊ आउट्सचे ३६ येतात, खरं उत्तर ३५ आहे. (आउट्स जास्त असले की चारचा गुणाकार फुगतो. १५ आउट्सना तो ६० सांगतो, खरे ५४ असतात. पण तो सापळा नव्हे.)

समजा, हातात बदाम राजा आणि बदाम दश्शी. फ्लॉपवर बदाम सत्ती, बदाम तिर्री, किलवर एक्का. पॉटमध्ये १०० बिया. समोरच्याकडे एक्का आहे हे त्याच्या खेळण्यावरून कळतंय, आणि तो ७५ लावतो. तुम्हाला ७५ भरायचे, भरल्यावर पॉट २५० चा, म्हणजे ३० टक्के संधी हवी. नऊ बदाम बाकी, नऊ चोक छत्तीस. छत्तीस तिसापेक्षा जास्त. कॉल, म्हणजे तेवढेच भरा!

चुकलं. ती ३५ टक्के संधी टर्न आणि रिव्हर (पाचवं, शेवटचं पान) अशी दोन्ही पानं बघायला मिळाली तरच आहे. तुम्ही ७५ बियांत विकत घेतलंत एकच पान. न दिसलेली पानं ४७, त्यांत बदाम ९, म्हणजे १९ टक्के. टर्नला बदाम आला नाही की समोरचा गप्प बसत नाही, तो पुन्हा लावतो. समजा १५०. आता १५० भरून ५५० चा पॉट, २७ टक्के हवेत, आणि तुमच्याकडे ४६ पानांत ९, म्हणजे जेमतेम २०. दोन्ही वेळा तुम्ही तोट्यात भरलंत आणि दोन्ही वेळा पुस्तकाप्रमाणे खेळल्यासारखं वाटलं. म्हणूनच हा सापळा इतका टिकतो. मधूनमधून बदाम येतोही, आणि तेवढेच डाव लक्षात राहतात.

चारने गुणणं एकाच ठिकाणी बिनधोक आहे: फ्लॉपवरच ऑल-इन (पुढ्यातलं सगळं लावून) झालं असेल आणि पुढे कुणालाच काही लावता येणार नसेल तेव्हा. तेव्हा दोन्ही पानं खरोखर त्याच किमतीत मिळतात. बऱ्याच पुस्तकांत ही अट एखाद्या वाक्यात उरकलेली असते, आणि गुणाकाराचा तक्ता मात्र पानभर.

मला हे पुस्तकाने शिकवलं नाही. माझे मामा एसटीत कंडक्टर होते, हिशेब तोंडावर. ते फक्त बघत बसले होते. मी छत्तीस म्हटलं तसे म्हणाले, "ह्या बियांत एकच पान गावतलां गो, मगे चारान कित्याक गुणतंस?" त्यांनी पोकरचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. गुरू हवा असेल तर असा शोधा, जो उत्तर देण्याआधी तुम्हाला विचारतो की हा आकडा कुठून आणलास. दहा दिवसांत पोकर शिकवतो म्हणणारे, स्वतःचे जिंकलेले डाव दाखवून शिकवणीचे पैसे मागणारे, त्यांच्या वाटेलाही जाऊ नका. हरलेला डाव उलगडून दाखवायची ज्याची तयारी नाही, त्याच्याकडे शिकण्यासारखं काही नसतं.

मग फ्लश जमत आला की नेहमी फोल्डच करायचं, म्हणजे हात टाकूनच द्यायचा का? नाही. त्याच हाताचा पूर्ण हिशेब मांडू. हा हात अगदी तसाच ४७ वेळा आला असं धरा. टर्नला ३८ वेळा बदाम येणार नाही, तुम्ही फोल्ड कराल आणि दर वेळी ७५ जातील: २८५०. नऊ वेळा येईल आणि तुम्ही पॉटमधले १७५ कमवाल: १५७५. तूट १२७५ ची. ती भरून निघायची तर त्या नऊ वेळांत प्रत्येकी आणखी १४२ च्या आसपास बिया समोरच्याकडून काढता आल्या पाहिजेत. आता प्रश्न गुणाकाराचा राहिला नाही, माणसाचा झाला. त्याच्या पुढ्यात तेवढ्या बिया आहेत का? टेबलावर तीन बदाम दिसल्यावरही तो एक्क्याच्या जोडीवर भरेल का? आणि बदाम एक्का आणखी एका बदामासकट तिसऱ्याच कुणाच्या हातात असेल तर तुमचा राजाचा फ्लशही हरतो. हे प्रश्न विचारून मग कॉल केलात आणि हरलात, तरी तो कॉल चांगला होता. निकालावरून स्वतःला शिव्या घालू नका. दोन एक्केसुद्धा कुठल्याही एका हातापुढे साधारण १५ टक्के वेळा हरतात, आणि ते मुळात येतात २२१ हातांतून एकदा.

तक्त्याबद्दल थोडंच सांगते. नऊ जणांच्या टेबलाचा तक्ता पाच जणांच्या पडवीत वापरणं म्हणजे मुंबई बंदराच्या भरतीच्या वेळा बघून देवगडच्या खाडीत होडी घालणं. माणसं कमी झाली की तुमच्यानंतर खेळणाऱ्यांकडे चांगला हात असण्याची शक्यता कमी होते, ब्लाइंडची पाळीही लवकर येते, म्हणून जास्त हात खेळावे लागतात. बटणावर राजा-नव्वी चालते, पहिल्या जागेवरून तीच टाकायची. तक्त्याच्या वर किती जण आणि कुठली जागा हे लिहिलेलं नसेल तर ते पान सोडून द्या.

हे जड वाटत असेल तर वाटू द्या. मला अजूनही फ्लॉपवर दोन बदाम दिसले की आधी छत्तीसच आठवतात, मग मुद्दाम थांबून एकोणीस म्हणावं लागतं. सवय लागायला वेळ जातो आणि तो सगळ्यांचाच जातो. एका पुस्तकाचं एकच प्रकरण घ्या, त्यातला प्रत्येक आकडा पत्ते मांडून स्वतः काढा, मगच पुढचं पान उलटा. चार पुस्तकं एकदम वाचणारे मी पाहिलेत, त्यांची वाक्यं पाठ असतात आणि भागाकार येत नाही.

आज रात्री हा एक मांडून बघा. हातात इस्पिक नव्वी आणि इस्पिक अठ्ठी. फ्लॉपवर चौकट सत्ती, किलवर छक्की, बदाम राजा. पॉटमध्ये ६०, समोरचा २० लावतो. कुठलीही दश्शी किंवा पंजी चालेल, म्हणजे आउट्स आठ. कॉलला २० टक्के हवेत. एका पानाचे ८ भागिले ४७ करा, म्हणजे १७ टक्के येतील, तीन कमी. तूट भरायला स्ट्रेट लागल्यावर दर वेळी साडेसतरा बिया जास्त काढाव्या लागतात. समोरच्याकडे १०० आहेत असं धरून ठरवा, मग त्याच्याकडे फक्त १० उरल्यात असं धरून पुन्हा ठरवा.