जीपच्या फोर-व्हीलच्या दांड्यांचा रबरी बूट बसवताना

माझी जीप १९६७ ची, महिंद्राची पेट्रोल सीजे-३बी, उंच बॉनेटची. गिअरच्या मोठ्या दांडीशेजारी तिला आणखी दोन दांड्या आहेत. एक पुढचं अ‍ॅक्सल जोडते, म्हणजे पुढची चाकंही जोर लावतात. दुसरी हाय-लोची, म्हणजे नेहमीची चाल की चढासाठीची हळू पण जोराची चाल ते ठरवणारी. या दोन्ही दांड्या एकाच लांबट रबरी बुटातून, म्हणजे तळाच्या पत्र्यातलं भोक झाकणाऱ्या रबरी आवरणातून, वर येतात. मोठ्या दांडीचा बूट कोणीही बसवेल, पण हा दोन भोकांचा बूट भल्याभल्यांना रडवतो. मग वैतागून लोक भोकं ब्लेडने मोठी करतात आणि पहिल्याच पावसात खालचा चिखल पायाशी येतो. त्याहून वाईट म्हणजे तोच चिखल दांड्या जिच्यावर फिरतात त्या पिनेवर बसतो, पीन जाम होते आणि गगनबावड्याच्या चढाला लो टाकायची वेळ आली की दांडी जागची हलत नाही. म्हणून रबराला ब्लेड लावू नका. तो अख्खा बसतो.

बूट घेताना दुकानातच अंगठ्याने दुमडून बघा. वर्षानुवर्षं फळीवर पडून कडक झालेला माल नवीन म्हणून मिळतो. दुमडल्यावर बारीक भेगा दिसल्या तर तो परत द्या. जुना बूट बरोबर नेलात तर स्क्रूची भोकं आणि दांड्यांमधलं अंतर तिथल्या तिथे जुळवता येतं. फोटोवरून मागवलेला बूट हमखास दुसऱ्याच गाडीचा निघतो.

आधी गाडी सपाट जागी लावून चाकांना पुढून-मागून दगड लावा. नुसत्या गिअरवर भिस्त ठेवू नका, कारण काम करताना हाय-लोची दांडी न्यूट्रलला सरकली की गिअर टाकलेला असूनही गाडी मोकळी होते.

मग दांड्यांच्या मुठी काढा. त्या आट्यांवर बसलेल्या असतात. फिरत नसतील तर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पकडीने हळूहळू सोडवा. बुटावरच्या पत्र्याच्या रिंगचे स्क्रू गंजलेले असतात. त्यांना आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. जुना बूट कापून काढला तरी चालेल, त्याची दया नको. आता भोकातून आत बघा. दांड्यांची पीन पुन्हा इतकी उघडी मिळणार नाही. साचलेला चिखल खरवडा आणि ग्रीस भरायचं निप्पल असेल तर ग्रीस मारा. मात्र शेवटी दांड्या आणि पत्रा साबणाच्या पाण्याने लख्ख पुसून घ्या. गंजाचं तेल, इंजिन ऑइल, डिझेल, साधं ग्रीस यांतलं काहीही रबराला लागता कामा नये. साधं रबर तेलाने फुगतं, लिबलिबीत होतं आणि नंतर फाटतं. गॅरेजमध्ये पोरं बूट सरकावा म्हणून बोटभर ग्रीस लावतात तेव्हा मला बघवत नाही.

सरकवायला भांडी घासायचा पातळ साबण पुरतो. मेडिकलमध्ये मिळणारं ग्लिसरीन त्याहून चांगलं, ते लवकर वाळत नाही.

आता मुख्य काम. पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा आणि बूट दहा मिनिटं त्यात बुडवून ठेवा. तोवर दोन्ही दांड्यांच्या टोकांना तयार करा. तिथल्या आट्यांची धार भोकाची कड कापते आणि बूट फाटतो तो बहुतेक वेळा इथेच. रिकामी दुधाची पिशवी धुऊन तिच्या पट्ट्या कापा, आट्यांवर घट्ट गुंडाळा, वरचं टोक निमुळतं करा आणि चिकटपट्टी मारा. त्यावर साबण लावा. दोन्ही दांड्या पुढे-मागे करून शक्य तितक्या एका रांगेत आणा.

बूट चिमट्याने बाहेर काढा, हातमोजे घाला आणि भोकांच्या आतून साबण फिरवा. दोन्ही टोकं भोकांत शिरली की एका बाजूला बोटभर खाली, मग दुसऱ्या बाजूला बोटभर, असं आळीपाळीने उतरवा. एकच बाजू पूर्ण खाली नेलीत तर दुसरं भोक तिरकं होऊन अडतं. सरळ दाबू नका, किंचित पिळत दाबा. कड आत मुडपली तर चमच्याच्या दांड्याने बाहेर काढा, स्क्रूड्रायव्हरने नाही. मध्येच रबर थंड होऊन ताठ झालं तर जोर लावू नका. बूट काढून पुन्हा गरम पाण्यात टाका.

खालच्या रिंगलाही एक युक्ती आहे. रबर, रिंग आणि पत्रा यांची भोकं कधीच एकदम जुळत नाहीत. त्याच आट्यांचे दोन लांब स्क्रू समोरासमोरच्या भोकांत थोडे फिरवून उभे करा, त्यांवरून बूट आणि रिंग ओवा. मग बाकीचे स्क्रू हाताने धरतील तेवढेच फिरवा आणि शेवटी लांब स्क्रूंच्या जागी मूळचे घाला. सगळे लागल्यावर समोरासमोरचे थोडे थोडे कसा. रबर रिंगबाहेर फुगायला लागलं की थांबा. पत्र्याचे आटे गेले तर नवंच काम निघेल.

पिशवीच्या पट्ट्या काढून मुठी बसवा आणि इंजिन बंद ठेवून दांड्या सगळ्या जागी फिरवून बघा. या दोन दांड्यांच्या गिअरबॉक्सला आतून अटकाव असतो. पुढचं अ‍ॅक्सल जोडल्याशिवाय लो पडत नाही, तेव्हा क्रम तोच ठेवा. आतल्या गिअरचे दात समोरासमोर आले तर दांडी अडेल, चाकांचे दगड जरासे सरकवून गाडी हाताने जराशी ढकला. प्रत्येक जागी दांडी सोडून द्या आणि बूट तिला मागे ओढतोय का बघा. ओढत असेल तर चढावर लो सुटू शकतो. अशा वेळी रिंग सैल करून बूट त्या बाजूला थोडा सरकवा. तरीही ओढला तर तो बूट आपल्या गाडीचा नाही, बदलून आणा.

आठवडाभराने रबर दबून बसतं, तेव्हा स्क्रू पाव फेरा परत आवळा.